खनेर नाल्यातलं बंद दार

हिमबिबट्याची फिल्म काढायची! चालता, दबकता, शेपटी हलवणारा जिवंत हिमबिबट्या पडद्यावर आणायचा, आणि तोही ठाण्याच्या माणसांनी! त्र्यंबक सोहोनीच्या डोक्यात हे खूळ शिरलं तेव्हा शाळेतल्या शिक्षकमंडळींनी त्याला सरळ वेड्यात काढलं. विश्राम राऊळने काढलं नाही. त्याने हातावरचं ग्रीस फडक्याला पुसत एवढंच विचारलं, "गाडी कुठपर्यंत जाते?"

त्र्यंबक ठाण्यातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. विश्रामचं गॅरेज माजिवड्याला, आग्रा रोडला लागून. दोघं एकाच बाकावर बसून शिकलेले, मासुंदा तळ्यात एकाच दिवशी बुडता बुडता पोहायला शिकलेले. पुढे एक पुस्तकांत गेला आणि एक इंजिनांत. तरी रविवारचा चहा गॅरेजच्या बाकड्यावर व्हायचाच, आणि विश्राम गाडीखाली शिरला की पाने त्र्यंबकच हातात द्यायचा. त्र्यंबकने काहीतरी अचाट ठरवायचं आणि विश्रामने ते चाकांवर बसवायचं, असा दोघांचा शिरस्ता होता.

मोहिमेत तिसरी होती त्र्यंबकची धाकटी बहीण सरोज. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि बर्फातल्या दगडांवरची शेवाळी तिला हिमबिबट्याइतकीच प्यारी होती. "तुमचं जनावर आलं नाही तरी माझं शेवाळ कुठे पळून जात नाही," असं म्हणत तिने आपली पिशवी सगळ्यांच्या आधी भरून ठेवली.

आणि चौथी होती गोदा! गोदा म्हणजे गाडी. लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या, त्यांतली एक विश्रामने आणली होती. पाणी इतकं प्यायची की नाव दुसरं शोधावंच लागलं नाही. पुढे ड्रायव्हरची जागा, तिला कॅनव्हासची दारं. मागे मात्र विश्रामने बाळकुमच्या मारुती सुताराकडून जाडजूड सागवानी खोली बांधून घेतली होती आणि तिला बाहेरून पत्रा ठोकला होता. खिडकी नाही. छताजवळ पंजा जेमतेम जाईल असा जाळीचा झरोका, आणि मागच्या बाजूला एकच दार. माजिवड्याला गॅरेजमधून जॅक, टायर, एकदा तर भोंगासुद्धा चोरीला गेला होता. म्हणून त्या दाराला पोलादी खटक्याचं जाड कुलूप बसवलं होतं. हत्तीने धडक दिली तरी दार हलायचं नाही, असं विश्राम गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा.

त्या कुलपाला तो दर सकाळी दोन थेंब खोबरेल पाजायचा. ठाण्यात हे कोणाला शिकवावं लागत नाही. खाडीचा खारा वारा लोखंडाला जगू देत नाही. त्यामुळे बिजागरी कुरकुरली, खोबरेल. किल्ली अडली, खोबरेल. डोकं दुखलं, तरी खोबरेलच! थंडीत हीच बाटली उन्हात ठेवावी लागते हेही घरोघरी ठाऊक असतं. पण डोक्याचं तेल आणि कुलपाचं तेल एकच आहे, हे काही आपल्या डोक्यात येत नाही.

एकोणीसशे पन्नासच्या जानेवारीत गोदा माजिवड्याहून निघाली. कसारा, नाशिक, इंदूर, आग्रा करत ती दिल्लीला पोचली आणि तिथे एका सकाळी किल्ली कुलपात रुतून बसली. विश्रामने हसत हसत काडी पेटवून किल्ली शेकली आणि वेळ मारून नेली. पण मंडीच्या पुढे, बियासच्या घळीतून वर चढून कुलूच्याही वर गेल्यावर हसू पळालं. रात्री धर्मशाळेत झोपले, आणि पहाटे गाडीचं दार उघडेचना! खटक्यात तेलाचा पांढरा गोळा आणि त्याच्यावर बर्फाची खपली. बाहेर तिघंही कुडकुडत उभे, आणि चहाचं सामान आत. बऱ्याच खटपटीने दार उघडलं तेव्हा सरोज म्हणाली, "विश्रामदादा, चोर नको म्हणून केलंस, आता मालकांनाही नको झालंय."

विश्रामने त्याच दिवशी कुलूप खोलून काढलं. रॉकेलमध्ये धुऊन तेलाचा कण न् कण काढला, लोखंड खडखडीत वाळवलं, आणि सरोजच्या पेन्सिलीतलं शिसं किसून त्याची पूड आत फुंकली. चौकटीवरचं दव कोरड्या फडक्याने पुसलं. मग देवदाराच्या लाकडाची एक पाचर तासून ती दाराच्या फटीत बसवली. आता दार पुरतं मिटणारच नव्हतं आणि खटका खाचेत बसणारच नव्हता.

"ऐका दोघांनी," तो म्हणाला. "यापुढे कुलूप लावायचं नाही. दार पाचरीवर राहील. किल्ली पुढे खिळ्याला टांगलीय, ती तिथेच राहणार. इकडे कोण चोर येतोय? आपण बाहेरून गारठून आलो नि दार उघडलं नाही, तर कुलपाचं काय, आपलंच काम तमाम होईल. कळलं?"

"कळलं बाबा," सरोज म्हणाली.

"त्र्यंबक?"

"शब्द दिला!" त्र्यंबकने हात पुढे केला, आणि विश्रामने तो घेतला.

खनेर नाला बियासला येऊन मिळतो, तिथलं शेवटचं गाव मागे पडलं. लाकूडतोडीच्या ठेकेदाराने उन्हाळ्यात केलेली एक कच्ची वाट नाल्याकाठाने वर जात होती. हिवाळ्यात तिच्यावर चिटपाखरू फिरकत नाही. चाकांना साखळ्या बांधून गोदा त्या वाटेला लागली. एका बाजूला देवदारांची काळी भिंत, दुसऱ्या बाजूला खोल नाला, आणि मधून हातभर बर्फ कापत जाणारी ती ठाण्याची गाडी!

पहिलाच अडथळा पुलाचा. दोन ओंडके आणि त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर काचेसारखं बर्फ. विश्रामने दोघांना उतरवलं. फळ्यांवर राख टाकली. मग एकटा बसला. गाडी पुलावर आली. एक फळी करकरली. मागचं चाक सरकलं! सरोजने डोळे मिटले. विश्रामने ब्रेकला पाय लावला नाही, इंजिनाचा सूर तसाच धरून ठेवला, आणि साखळीने लाकूड पकडलं. गोदा पलीकडे! त्र्यंबकने पळत येऊन त्याला मिठीच मारली. "अरे, तू नसतास तर मी कल्याणच्या पुढे गेलो नसतो!" तो ओरडला. ते त्याने मनापासूनच म्हटलं होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं विश्रामला इतकं लागलं.

पुढे कोसळलेल्या बर्फाचा ढीग आडवा आला. तो फावड्याने फोडता फोडता दिवस गेला. वाट संपली तिथे, देवदारांच्या आडोशाला, गोदा उभी केली. रात्री पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून विश्रामने रेडिएटर रिकामा केला. आता निघायचं तर आधी स्टोव्हवर बर्फ वितळवायचं आणि मग ते पाणी गाडीला पाजायचं. स्टोव्ह, रॉकेल, पेट्रोलचे डबे, काढून ठेवलेल्या साखळ्या, कुऱ्हाड, गाद्या, लोकरीचे कपडे, सगळं मागच्या खोलीत. ती खोली म्हणजेच त्यांचं घर होतं.

तिथून वर, नाला ओलांडून दोनेक तासांच्या चढावर, एका कड्याखाली त्यांनी फांद्यांचा आडोसा केला. समोरच्या उतारावर निळ्या-करड्या जंगली मेंढ्या चरायला उतरत. त्यांच्या मागावर बिबट्या येणार हा त्र्यंबकचा हिशेब. रोज सकाळी वर जायचं, डोळे ताणून बसायचं आणि अंधार पडायच्या आत गोदेकडे परतायचं. मेंढ्या आल्या. गिधाडं आली. एकदा कोल्हा येऊन सरोजची भाकरी घेऊन गेला. बिबट्याचे ठसे रोज दिसत, ताजे, पसाभर मोठे. बिबट्या काही दिसेना!

त्यातच वारा फिरला. पश्चिमेकडून राखाडी ढगांची फळी चढू लागली. गावातल्या लोकांनी बजावून सांगितलं होतं की असे ढग आले की खाली उतरा, नाहीतर पूल गाडला जाईल आणि मग चैत्रापर्यंत वाट नाही. विश्रामने संध्याकाळी खोलीत चहा पिता पिता विषय काढला.

"उद्या सकाळीच निघू, त्र्यंबक."

"उद्या? अरे, तो इथेच आहे! आज ठसे आडोशाच्या पाठीमागे होते. आणखी चार दिवस."

"चार दिवसांनी इथे आपले सांगाडे असतील."

"तू भित्रा कधीपासून झालास?"

विश्रामच्या डोक्यात तिडीक गेली. फावडं मारून मारून त्याच्या हातांची सालटी निघाली होती. "मी भित्रा? ठीक आहे. उद्या दुपारपर्यंत बसतो. दुपारनंतर मी खाली येणार आणि गाडी काढणार. मग कोणी येवो न येवो!"

"असं कसं बोलतोस विश्रामदादा?" सरोज म्हणाली. विश्राम पांघरूण ओढून आडवा झाला. त्र्यंबक मात्र बराच वेळ कंदिलाकडे बघत बसला होता.

सकाळी विश्राम आणि सरोज पुढे निघाले. "तुम्ही व्हा पुढे, मी कॅमेऱ्यात रीळ भरून आलोच," त्र्यंबक म्हणाला. त्याला यायला जरा उशीर झाला. त्याबद्दल कोणाला काही वाटलंही नाही.

कॅमेरा जुना होता, चावीचा, मुंबईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला. फिल्मही जुन्या जातीची, काडी दाखवली की भपकन पेटणारी. त्र्यंबक तिला लेकरासारखी जपायचा. एक रीळ कॅमेऱ्यात, बाकीची खोलीत.

दुपार झाली. सूर्य नव्हताच. बर्फाचे पहिले कण आले. विश्राम उठून उभा राहिला. "चला." त्र्यंबकने मान हलवली नाही. विश्राम पुन्हा काही बोलणार इतक्यात सरोजने त्याची बाही घट्ट धरली.

समोरच्या खडकाला डोळे होते!

राखाडी खडकावर तसल्याच राखाडी अंगाचा तो पसरला होता, किती वेळापासून कोण जाणे. मग तो उठला. भरघोस, अंगाइतकी लांब शेपटी खडकावरून खाली ओघळली. दबकत, पोट जमिनीला घासत तो उताराला लागला. मेंढ्यांनी माना वर केल्या. झेप! बर्फाचा धुरळा! कळप उधळला, आणि तो हवेत वळून, शेपटीने तोल सावरत, सरळ आडोशाच्या दिशेने घसरत आला. थांबला. त्याने तिघांकडे रोखून पाहिलं. कॅमेरा घरघरत होता. मग त्याने आळस दिल्यासारखं अंग ताणलं आणि पडत्या बर्फात तो विरून गेला.

"मिळाला!" त्र्यंबक किंचाळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने भरलेलं रीळ डबीत घातलं, डबी छातीशी, कोटाच्या आत ठेवली. विश्रामही सगळा राग विसरला. त्याने मित्राच्या पाठीत अशी थाप मारली की तो बर्फातच बसला. तिघंही लहान पोरांसारखे हसत उताराला लागले.

पण वादळाने त्यांना गाठलंच. वारा समोरून, बर्फ डोळ्यांत. रोजची पाऊलवाट दिसेना. नाल्यातल्या गोठलेल्या पाण्यावरून ते रोज ठरावीक जागी पलीकडे जात, पण आज सगळंच पांढरं. सरोज पुढे होती. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि कडाड्!

ती छातीपर्यंत पाण्यात गेली. प्रवाह तिला बर्फाच्या पत्र्याखाली ओढू लागला. विश्राम पालथा पडून सरपटत पुढे गेला. हात मिळाला. बर्फ पुन्हा तुटलं, आणि तोही आत! पाणी नव्हे, सुऱ्याच होत्या त्या. पायाखाली दगड लागला. त्याने सरोजला कमरेत धरून वर ढकललं. काठावरून त्र्यंबकने तिच्या कोटाची कॉलर पकडली आणि जीव खाऊन ओढलं. मग दोघांनी मिळून विश्रामला ओढलं.

काठावर येताच दोघांचे कपडे कडक होऊ लागले. विश्रामला माहीत होतं, आता फार वेळ नाही. गोदा जवळच होती, देवदारांच्या त्या झुबक्यात.

"चल सरोज! पळ! अगं, हे काय आलंच." त्याने तिला खांद्याचा आधार दिला. "दार नुसतं ओढायचं. पाचर काढली की झालं. आत स्टोव्ह आहे. मी पेटवतो. तू गादीत शिर. नुसतं ओढायचं, बघ!"

तिचे दात वाजत होते. "नुसतं... ओढायचं," ती म्हणत होती. विश्राम वाटभर तेच तेच सांगत राहिला. मागून त्र्यंबक येत होता. तो एक शब्द बोलला नाही.

गोदा दिसली. विश्रामने दाराची मूठ धरून ओढली. दार हललं नाही. त्याने पाचर चाचपली. पाचर नव्हती! दार चौकटीत घट्ट मिटलेलं होतं, आणि फटीवरून बर्फाची जाड पट्टी उतरली होती. वाऱ्याने पडली असेल का पाचर? पण वारा खटका लावत नाही. तो वाकला, कुलपाच्या भोकाशी तोंड नेलं आणि थबकला.

खोबरेलाचा वास येत होता.

त्याने तर स्वतः रॉकेलने कण न् कण धुतला होता. ठाण्याच्या प्रत्येक घरातला तो वास, त्या पांढऱ्या रानात, लोखंडाच्या भोकातून! दाराखाली सांडलेल्या पाण्याचा ओघळ गोठला होता. त्याने हळूच मान वळवली.

त्र्यंबकच्या हातात किल्ली होती.

"सकाळी खटका बसत नव्हता," तो पुटपुटला. "बर्फ होतं. म्हणून किटलीतलं गरम पाणी ओतलं. मग किल्ली फिरेना, म्हणून सरोजच्या डोक्याला लावायचं तेल शेकून..."

"का?" विश्रामने विचारलं.

त्र्यंबकने किल्ली पुढे केली. उत्तराची गरजही नव्हती. या रानात चोर नव्हता, साधा लाकूडतोड्या नव्हता. कुलूप लागलं होतं ते ज्या माणसाने ते बसवलं त्याच्यासाठी! दुपारी रागाने खाली आला तर त्याला साखळ्या मिळू नयेत, पेट्रोल मिळू नये, बसावं त्याने दाराशी कुत्र्यासारखं.

पण बोलायला वेळ कुठे होता? सरोज चाकाला टेकून खाली बसली होती. तिचं थरथरणं थांबलं होतं. "आता थंडी नाही वाटत," ती झोपाळू आवाजात म्हणाली. विश्राम हादरला. हेच वाईट!

"झोपायचं नाही सरोज! शेवाळांची नावं सांग मला! मोठ्याने!"

त्याने किल्ली घेतली. अर्धी शिरली आणि अडकली. त्र्यंबक पुढे होऊन भोकात फुंकर घालू लागला. "फुंकू नको!" विश्राम ओरडला. "तुझ्या श्वासाचंही बर्फ होईल! काडेपेटी आहे? माझी भिजली."

त्र्यंबकची कोरडी होती. विश्रामने पुढच्या जागेवरचा कॅनव्हास फाडून काढला, त्र्यंबकला त्याचा आडोसा धरायला लावला, आणि काडी पेटवून किल्लीखाली धरली. वाऱ्याने विझवली. दुसरी. तीही विझली. किल्ली कोमट झाली, फिरायला लागली आणि वाकू लागली. त्याने झटकन जोर काढला. किल्ली मोडली तर संपलंच! फांद्या ओल्या, साली ओल्या. स्टोव्ह, स्पिरिट, कुऱ्हाड, सगळं सागवानाच्या पलीकडे. मारुती सुताराने कामात तसूभर कसर केली नव्हती.

"फिल्म," विश्राम म्हणाला.

"काय?"

"कॅमेऱ्यात तुकडा उरलाय ना? काढ."

त्र्यंबकने कॅमेरा उघडला. उरलेली कोरी फिल्म विश्रामने काटकीला गुंडाळली, कुलपाच्या पत्र्याला टेकवली आणि काडी लावली. भप्प! पांढरीशुभ्र ज्वाळा! आत पेट्रोलचे डबे आहेत हे दोघांनाही आठवत होतं, पण इलाज नव्हता. उग्र धुराने डोळे चरचरले. भोकातून वितळलेलं तेल टपटप गळू लागलं. किल्ली खोल शिरली. विश्रामने श्वास रोखून ती वळवली. खट्!

"उघडलं!" त्र्यंबकने दार ओढलं. दार तसूभरही हललं नाही. कुलूप सुटलं होतं, पण खटका त्या किटलीच्या पाण्यात खाचेशी एकजीव झाला होता. कडेची फटही गोठलेली.

"ओढू नको, मूठ तुटेल! आत दाब! आधी फट फुटू दे!" दोघांनी खांदे लावून दार आत दाबलं, मुठींनी चौकट ठोकली. वरची पट्टी तडकली. खालची तडकली. खटक्यापाशी मात्र बर्फ पोलादासारखं बसलं होतं. कोरी फिल्म संपली. विश्रामची बोटं आता त्याची राहिली नव्हती. सरोजचा आवाज बंद झाला होता.

विश्रामने त्र्यंबकच्या छातीकडे पाहिलं. त्र्यंबकचा हात आपोआप कोटाकडे गेला आणि तिथेच थांबला. उडी, शेपटी, ती रोखलेली नजर, सगळं त्या डबीत होतं. मग त्याने सरोजकडे पाहिलं. त्याने डबी काढली, उघडली आणि विश्रामपुढे केली.

हिमबिबट्या पेटला! दोघांनी ती वळवळणारी ज्योत खटक्याशी धरली. बर्फ करकरलं. पाणी झालं. "दाब! आता ओढ!" दार कळवळून ओरडलं आणि उघडलं!

मग सगळं भराभर झालं. विश्रामने उरलेली जळती फिल्म लांब बर्फात लाथाडली. सरोज आत, ओले कपडे दूर, लोकरीत गुंडाळलेली. स्टोव्हचा भर्र आवाज. गरम, गोड चहा चमच्याने तिच्या ओठांत. बऱ्याच वेळाने ती पुन्हा थरथरू लागली, आणि विश्रामने पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. मग त्याने स्वतःचे कपडे बदलले.

शेवटी त्र्यंबकला राहवलं नाही. "तूच म्हणाला होतास, कोणी येवो न येवो."

"रागात म्हणालो रे," विश्राम म्हणाला. "तू थंड डोक्याने कुलूप लावलंस. खरंच वाटलं तुला, मी तुम्हा दोघांना इथे टाकून जाईन?"

त्र्यंबकने स्टोव्हला पंप मारला. "त्या क्षणी वाटलं."

गादीतून सरोजचा बारीक आवाज आला. "दादा, विश्रामदादा मला वाटभर सांगत होता, दार नुसतं ओढायचं. किल्ली तुझ्या खिशात होती. आणि तू ऐकत होतास." तिने भिंतीकडे तोंड केलं. त्र्यंबकने हातांनी चेहरा झाकून घेतला.

वादळ ओसरलं. उजाडताच विश्रामने बर्फ वितळवून गोदेला पाणी पाजलं, साखळ्या चढवल्या. पूल अजून गाडला गेला नव्हता, पण एक ओंडका खचला होता. वरच्या उतारावर दुसरा हिमबिबट्या उभा असता तरी त्या दिवशी कोणी मान वळवली नसती. विश्रामने गाडी तिरकी घालून, चाक कडेवर ठेवून, दातओठ खात पुलापार काढली. या वेळी मिठी मारायला कोणी धावलं नाही. मंडी, दिल्ली, आग्रा, इंदूर. गाडीत इंजिनाचा तेवढा आवाज होता. कामापुरतं बोलणं चालू होतं, आणि तेच विश्रामला जास्त खुपत होतं. शिव्या घालता आल्या असत्या तर बरं झालं असतं, पण शिव्यासुद्धा आपल्या माणसालाच घालतात.

माजिवड्याला पोचल्यावर त्र्यंबक काही दिवस फिरकला नाही. सरोज दोनदा येऊन गेली. तिच्या एका पायाची दोन बोटं बधिर राहिली होती, पण ती कॉलेजात जाऊ लागली होती. मग एका रविवारी त्र्यंबक आला आणि बाकड्याच्या टोकावर बसला. विश्रामने त्याला चहा दिला.

"मी ते रीळ दिलं, विश्राम," तो म्हणाला. "आयुष्यातली एकच गोष्ट होती ती. मागेपुढे न बघता दिली."

"दिलीस," विश्राम म्हणाला. "सरोजसाठी दिलीस. भाऊ म्हणून ते बरोबरच केलंस. मी तुझा कोण लागत होतो, तेवढं मला त्या दाराशी कळलं."

आग्रा रोडवरून एक बैलगाडी गेली. त्र्यंबकने कप खाली ठेवला. "पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं म्हणतो. तो तिथेच असणार. तू... तू येशील?"

विश्राम उठला. आत जाऊन त्याने गोदेची किल्ली आणली आणि त्र्यंबकच्या हातावर ठेवली.

"गाडी ने. इंजिन करून देतो, साखळ्या नव्या देतो, पुलावर कसं जायचं तेही शिकवतो. पाहिजे तितके दिवस ठेव." त्याने त्र्यंबकची बोटं किल्लीवर मिटवली. "गाडीचीच भीती होती ना तुला? ती तुझ्या ताब्यात दिली. मी नाही यायचा."

त्र्यंबक किल्लीकडे बघत तसाच बसून राहिला. विश्राम वाकून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीखाली शिरला आणि पाना मागायला त्याने नेहमीसारखा हात बाहेर काढला. मग आपणच कोपर टेकत सरकला आणि पाना स्वतः उचलून घेतला.